ज्युरी, हंग ज्युरी आणि अटक वॉरंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजदारी कोर्टात वकिली करताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. काही प्रश्न सिनेमा बघून पडलेले असतात, काही परदेशातल्या मुलाला आलेल्या पत्रामुळे, आणि बरेचसे घरी पोलीस येऊन गेल्यावर पडलेले. शेवटच्या प्रकारातल्या लोकांची झोप उडालेली असते, म्हणून वॉरंटवर जास्त लिहिलं आहे. ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांनी थेट उत्तरार्धाकडे जावं.

भारतात ज्युरी आहे का? मला कधी बोलावणं येईल का?

नाही. ज्युरी म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारा सामान्य नागरिकांचा गट. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवलेली नव्हती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ती नाही. दोषी की निर्दोष हे न्यायाधीश ठरवतात आणि त्यांना त्याची कारणं लेखी द्यावी लागतात.

मग आपल्याकडे ज्युरी आली कधी आणि बसायचं कोण?

इंग्रजांच्या कोर्टांबरोबर ती मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत आली. १८२६ च्या कायद्याने हिंदी माणसांना ज्युरीत बसायची मुभा मिळाली, पण आरोपी ख्रिस्ती असेल तर ज्युरीही सगळी ख्रिस्तीच हवी, अशी अट होती. राजा राममोहन रॉय यांनी या भेदभावाविरुद्ध आवाज उठवला आणि १८३२ मध्ये कायदा बदलला. पुढे १८६१ च्या संहितेने ज्युरी जिल्ह्यांपर्यंत नेली, तीही सगळीकडे नाही आणि सगळ्या गुन्ह्यांना नाही. बाकी ठिकाणी न्यायाधीशांशेजारी ‘असेसर’ बसत. ते मत देत, पण ते न्यायाधीशांवर बंधनकारक नसे. असेसरांची पद्धत १९५५ च्या दुरुस्तीने गेली.

हायकोर्टातल्या ज्युरीत नऊजण असत. इंग्रजी सिनेमातले बारा आपल्याकडे शोधू नका.

हंग ज्युरी म्हणजे नेमकं काय?

निकालाला कायद्याने जेवढं मताधिक्य लागतं तेवढं जमलंच नाही, तर ती हंग ज्युरी. आरोपी सुटला असा त्याचा अर्थ नाही, आणि दोषी ठरला असाही नाही. निकालच लागलेला नसतो, त्यामुळे खटला नव्या ज्युरीपुढे पुन्हा चालू शकतो.

किती मतं लागतात हे प्रत्येक देशाचं वेगळं. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायचं तर ज्युरीचं एकमत हवं. लुइझियाना आणि ओरेगन या दोन राज्यांत बारापैकी दहा मतांवर शिक्षा होत असे, ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये थांबवलं. इंग्लंडमध्ये १९६७ पासून दहा विरुद्ध दोन असा निकाल चालतो, मात्र न्यायाधीश आधी एकमतासाठी पुरेसा वेळ देतात. आपल्या हायकोर्टात नऊपैकी किमान सहाजण एका बाजूला हवेत आणि न्यायाधीशांनाही ते मत पटायला हवं, असा नियम होता. पाच-चार अशी फूट पडली तर ज्युरी बरखास्त.

लोकमान्य टिळकांवरच्या खटल्यांत ज्युरीने काय केलं?

वरचा सहाचा आकडा लक्षात ठेवूनच हे वाचा. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर नऊजणांची ज्युरी होती : सहा युरोपियन, तीन हिंदी. सहाजण म्हणाले दोषी, तिघे म्हणाले निर्दोष. फूट नेमकी त्याच रेषेवर पडली. सहा म्हणजे लागत होते तेवढेच. त्यातला एक जरी पलीकडे गेला असता तर पाच-चार होऊन निकालच लागला नसता. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती दिनशा दावर होते. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, सगळे दिवस मिळून एकवीस तासांहून जास्त ते बोलले. खटला केसरीतल्या लेखांवरून होता. लेख मूळ मराठी आणि ज्युरीसमोर होती ती त्यांची इंग्रजी भाषांतरं. केसरीतला एखादा शब्द मराठी वाचणाऱ्याच्या मनात काय अर्थ घेऊन उतरतो, हे ज्यांना मराठी येत नाही अशांना टिळक पटवून देत होते. २२ जुलै १९०८ ला निकाल आला : सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षं काळं पाणी, म्हणजे प्रत्यक्षात मंडाले. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे त्यांचं त्या दिवशीचं म्हणणं मुंबई हायकोर्टात त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्या पाटीचं अनावरण केलं. मुंबईला हायकोर्टात गेलात तर मध्यवर्ती न्यायदालनापाशी थांबून ती वाचा.

‘आपल्यासारख्यांकडून न्याय’ हे ज्युरीचं मूळ तत्त्व. १८९७ आणि १९०८ च्या त्या बाकांवर टिळकांसारखे किती होते, हा प्रश्न ती पाटी वाचताना मला प्रत्येक वेळी पडतो.

नानावटी खटल्यात ज्युरी हंग झाली होती ना?

नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ज्युरीने स्पष्ट निकाल दिला होता : आठ विरुद्ध एक, निर्दोष.

नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ज्युरीचं मत पुराव्याशी इतकं विसंगत वाटलं की कोणतीही समंजस माणसं असा निकाल देणार नाहीत, असं म्हणून त्यांनी ते स्वीकारायला नकार दिला. तेव्हाच्या संहितेच्या कलम ३०७ मध्ये अशा वेळी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवायची सोय होती. हायकोर्टाने पुरावा पुन्हा तपासला. ज्युरीला कायदा समजावून सांगताना न्यायाधीशांकडूनही चुका झाल्या होत्या, हेही दाखवलं आणि ११ मार्च १९६० रोजी खुनाबद्दल जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली.

या प्रकरणातल्या अटक वॉरंटची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. हायकोर्टाने शिक्षा दिली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी सर्वोच्च न्यायालयातलं अपील निकाली निघेपर्यंत शिक्षा स्थगित केली आणि नानावटींना नौदलाच्याच ताब्यात ठेवायचा आदेश काढला. अटकेचं वॉरंट निघालं, आणि राज्यपालांच्या आदेशामुळे ते बजावता येत नाही असा शेरा घेऊन परत आलं. कोर्टाचं वॉरंट राज्यपालांच्या सहीने अडू शकतं का? हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी आदेश वैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ सप्टेंबर १९६० रोजी बहुमताने सांगितलं की प्रकरण आमच्यासमोर आल्यावर त्या काळापुरता राज्यपालांचा हा अधिकार चालणार नाही. त्यानंतर नानावटींना साध्या तुरुंगात जावं लागलं.

ज्युरी नानावटी खटल्यामुळे बंद झाली का?

त्या खटल्याने लोकांच्या मनातला विश्वास उडाला हे खरं. पण एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्युरी रद्द करावी असं १९५८ मध्येच सुचवलं होतं, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या आधी. नानावटी खटला देशातला शेवटचा ज्युरी खटला होता हेही बरोबर नाही. कलकत्त्यात ज्युरी त्यानंतरही काही वर्षं बसत होती.

ज्युरी परत आणावी का?

माझं मत विचाराल तर नको. ज्युरी दोन शब्दांत निकाल देते, कारणं देत नाही. ‘या साक्षीदारावर विश्वास का ठेवला’ हे लिहावं लागलं की अपिलात त्यावर बोट ठेवता येतं. गरीब आरोपीच्या हातात तेच मोठं हत्यार असतं. ज्युरी गेली तेव्हा एक गोष्ट आपण गमावलीही : सामान्य माणसाला कोर्ट आपलं वाटण्याची. त्याची भरपाई अजून झालेली नाही. निकाल मराठीत, साध्या भाषेत लिहिले गेले तर थोडी होईल.

पारशी लोकांच्या घटस्फोटात अजून ज्युरी असते म्हणतात, खरं?

जवळपास. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा १९३६ चा आहे. त्यात न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. १९८८ पर्यंत ते सात होते. मुंबई हायकोर्टात हे आजही चालतं. पण ही दिवाणी बाब आहे, फौजदारी नाही.

मी पंच म्हणून सही केली आहे. म्हणजे मी ज्युरी झालो का?

नाही. हा घोटाळा ‘पंच’ या शब्दामुळे होतो, कारण गावचे पंच निवाडा करत. पंचनाम्यातला पंच हा साक्षीदार आहे. झडती झाली, अमुक वस्तू अमुक जागी सापडली, हे मी डोळ्यांनी पाहिलं, एवढंच तो सांगतो. निकालाशी त्याचा संबंध नाही.

म्हणूनच एक कळकळीची विनंती : न बघता सही करू नका. चार वर्षांनी कोर्टात उभं राहून ‘सही माझी आहे, पण पोलीस स्टेशनात घेतली’ असं सांगायची वेळ येते आणि खरा गुन्हेगारही त्या एका वाक्यावर सुटतो. योग्य कारण नसताना पंच व्हायला लेखी हुकूम असूनही नकार देणं हाही गुन्हा आहे. साक्षीचं समन्स आलं आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर साक्षीदाराविरुद्धही वॉरंट निघू शकतं.

माझा मुलगा अमेरिकेत आहे. त्याला ज्युरी ड्यूटीचं पत्र आलंय, काय करावं?

आधी तो तिथला नागरिक आहे का ते बघा. ग्रीन कार्डवाल्याला ज्युरीत बसता येत नाही. नावं मतदार याद्यांबरोबर वाहन परवान्यांच्या याद्यांतूनही काढतात, म्हणून नागरिक नसलेल्यांनाही पत्र येतं. तसं असेल तर प्रश्नावलीत ‘नागरिक नाही’ असं खरं नोंदवून पत्र परत पाठवायचं. पत्र फेकून देणं हा सगळ्यात वाईट पर्याय. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाचं बोलावणं विनाकारण टाळलं तर एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि तीन दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. राज्यांच्या कोर्टांचे नियम वेगवेगळे आहेत. ठरलेल्या तारखांना खरीच अडचण असेल तर तारीख पुढे मागता येते आणि ती सहसा मिळते.

ज्युरी हंग झाली तर तिथले न्यायाधीश ‘मिसट्रायल’ जाहीर करतात. मग खटला पुन्हा चालवायचा, तडजोड करायची की सोडून द्यायचा हे सरकारी वकील ठरवतो. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हे तत्त्व इथे आडवं येत नाही. १८२४ पासून तिथे तसा दंडक आहे.

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींनी हे वाचाच : तिथे ज्युरीसाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. भारतीय पासपोर्टवर राहणारा माणूसही राष्ट्रकुलातला म्हणून तिथल्या मतदार यादीत नाव घालू शकतो. नाव यादीत असेल, वय १८ ते ७५ असेल आणि तेराव्या वर्षानंतर किमान पाच वर्षं तिथे वास्तव्य असेल, तर बोलावणं येऊ शकतं.

आता वॉरंट. समन्स, जामीनपात्र वॉरंट आणि अजामीनपात्र वॉरंट यांत फरक काय?

समन्स म्हणजे ‘अमुक तारखेला हजर राहा’. जामीनपात्र वॉरंट म्हणजे ‘याला पकडा, पण एवढ्या रकमेचा जामीन आणि हजर राहण्याची हमी दिली तर सोडा’. रक्कम, जामीनदार किती आणि तारीख कोणती, हे वॉरंटवरच लिहिलेलं असतं आणि पोलीस तिथल्या तिथे सोडू शकतात. अजामीनपात्र वॉरंटात पोलिसांना तो अधिकार नसतो. त्यांना तुम्हाला कोर्टापुढेच न्यावं लागतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे सुशिक्षित माणसंही गोंधळतात. गुन्हा जामीनपात्र असणं वेगळं आणि वॉरंट जामीनपात्र असणं वेगळं. चेक न वटल्याचा, म्हणजे कलम १३८ चा गुन्हा जामीनपात्र आहे. पण आरोपी तारखेमागून तारखा गैरहजर राहिला तर त्याच केसमध्ये अजामीनपात्र वॉरंट निघतं. ‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन कधीच मिळणार नाही असंही नाही. तो पोलीस देऊ शकत नाहीत, कोर्ट देऊ शकतं.

पहिल्याच फटक्यात अजामीनपात्र वॉरंट काढता येतं का?

सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये क्रम सांगितला आहे : आधी समन्स, ते टाळलं जातंय असं दिसलं तर जामीनपात्र वॉरंट, आणि जाणूनबुजून टाळाटाळ आहे याची खात्री झाली तर अजामीनपात्र. गुन्हा अतिशय गंभीर असेल किंवा आरोपी पळून जाण्याची, पुरावा नष्ट करण्याची भीती असेल तर कोर्ट आधीच कडक पाऊल उचलू शकतं.

समन्स मला मिळालंच नाही आणि थेट वॉरंट आलं. असं कसं?

बहुतेक वेळा पत्ता बदललेला असतो, किंवा समन्स घरातल्या दुसऱ्याच्या हातात पडून कपाटात गेलेलं असतं. तुम्ही सापडला नाहीत तर घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स देता येतं. पूर्वी ती व्यक्ती पुरुष असावी लागे, २०२४ च्या नव्या संहितेत स्त्रीलाही देता येतं. तेव्हा आई-आजींना सांगून ठेवा : कोर्टाचा कागद आला तर लगेच फोन करायचा. अर्जात खरं कारण लिहा, जुन्या-नव्या पत्त्याचा पुरावा जोडा. कोर्टं हे समजून घेतात.

वॉरंट किती दिवसांनी बाद होतं?

होत नाही. ज्या कोर्टाने काढलं त्याने रद्द करेपर्यंत, किंवा बजावलं जाईपर्यंत ते जिवंत असतं. ‘दहा वर्षं झाली, आता काय होतंय’ म्हणणारी माणसं पासपोर्टच्या वेळी किंवा विमानतळावर अडकतात. अटक वॉरंट निघाल्याचं कळलं तर पासपोर्ट कार्यालय पासपोर्ट जप्तही करू शकतं. वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं.

वॉरंट रद्द कसं करून घ्यायचं?

पोलिसांची वाट बघत बसू नका. वकिलांबरोबर स्वतः त्या कोर्टात जा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. का गैरहजर राहिलात याचा कागद जोडा : दवाखान्याचे पेपर, प्रवासाची तिकिटं, जे खरं असेल ते. कोर्ट बहुधा थोडा दंड लावतं आणि नवा जातमुचलका (हजर राहण्याची स्वतःची लेखी हमी) किंवा जामीनदार मागतं. आपण होऊन हजर झालेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं. पुढे एखाद्या तारखेला खरंच जमणार नसेल तर वकिलामार्फत त्याच दिवशी हजेरी माफीचा अर्ज जाऊ द्या. निम्मी वॉरंटं या एका अर्जाअभावी निघतात, असा माझा अनुभव आहे.

वॉरंट रद्द झालं की काम संपलं असं समजू नका. रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि ती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. रद्द झालेल्या वॉरंटवर मुंबईत एका वकिलालाच अटक झाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये न्यायालयाने वॉरंटांची नोंदवही ठेवण्याबद्दल आणि रद्द वॉरंट परत मागवण्याबद्दल सूचना दिल्या. वकिलावर ही वेळ आली, तर शेतातून उठून तारखेला येणाऱ्या माणसाचं काय होत असेल? म्हणून ती प्रत खिशात ठेवा.

हजर झालोच नाही तर पुढे काय?

कोर्ट जाहीरनामा काढतं. तो घरावर आणि गावात ठळक जागी लावला जातो आणि हजर व्हायला किमान तीस दिवस दिले जातात. मालमत्ता जप्त होऊ शकते. जाहीरनाम्यालाही दाद न देणं हा वेगळा गुन्हा आहे. नव्या संहितेने आणखी एक मोठा बदल केला : मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात फरारी घोषित झालेल्या आरोपीचा खटला ठरावीक टप्पे पूर्ण झाल्यावर त्याच्या गैरहजेरीतही चालवता येतो, निकालही देता येतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या नावाचं वॉरंट आलंय आणि व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतायत.

फोन बंद करा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. अटक प्रत्यक्ष होते, कॅमेऱ्यापुढे बसवून नाही, आणि कोणतंही कोर्ट खात्यात पैसे भरायला सांगून वॉरंट मागे घेत नाही. कोर्टाचं समन्स आता इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं हे खरं. खात्री करायची तर त्यावरचा केस नंबर किंवा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून बघा. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लाजेपोटी गप्प राहू नका, निवृत्त अधिकारीही यात फसले आहेत.

पोलीस वॉरंट घेऊन दारात उभे आहेत. त्या क्षणी काय करू?

वॉरंट दाखवा म्हणा. मागितलं तर दाखवावं लागतं आणि त्यात काय आहे तेही सांगावं लागतं. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, केस नंबर, कोर्टाचा शिक्का आणि न्यायाधीशांची सही बघा. एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं असतात, त्यामुळे वडिलांचं नाव जुळत नसेल तर तिथेच शांतपणे सांगा आणि आधार कार्ड दाखवा. वॉरंटचा फोटो काढून वकिलांना पाठवा. जामीनपात्र असेल तर जामीनदाराला तिथेच बोलवा. अटक झालीच तर घरच्यांना कळवण्याचा आणि वकिलांना भेटण्याचा तुमचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तुम्हाला न्यायालयापुढे न्यावंच लागतं. वॉरंट दूरच्या जिल्ह्यातलं असेल तर आधी जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे नेतात. मुंबईत पकडलेल्या माणसावरचं वॉरंट लातूरच्या कोर्टाचं असलं आणि जामीनपात्र असलं, तर मुंबईतच जामीन घेऊन त्याला सोडता येतं आणि कागद लातूरला पाठवले जातात. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक कारण आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी असल्याशिवाय अटक करता येत नाही.

हुज्जत घालू नका, धावू नका. औषधं चालू असतील तर ती आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्या, आणि घरातल्या एकाला कोर्टाचं नाव व केस नंबर कागदावर लिहून द्या. वकील शोधायला घरच्यांना तेवढं पुरतं.